खुरपीराणीच्या दोन मोकळ्या पानांची बखर

“मामा, तुमच्या लग्नपत्रिकेच्या मशिनीवर राक्षस छापून मिळंल का?”

ऐसा सवाल शिरूर मुक्कामी छापखान्याचे उंबऱ्यावर करावा, न केल्यास जन्मभर मांजर म्हणवून घ्यावे, ऐशी पैज सृष्टी व अनुपमा या मैत्रिणींनी घातली. त्यावरून गंगाजळनिर्मळ, शिसपेन्सिलधुरंधर प्रांजलबाईसाहेब, इयत्ता नववी ब, वास्तव्य मौजे केंदूर, यांणी तो जातीनिशी केला आणि मोहिमेस आरंभ जाहला. त्याची हकीकत ऐसीजे.

खुरपीराणी नामे वीरांगना तणासुराचे पारिपत्य करिते, ऐसे अठरा पानी कॉमिक बाईंनी सहा महिने मधली सुटी खर्चून सिद्ध केले होते. छापखान्याचे धनी रोहिदासमामा, हयात पत्रिकांत मुरलेली, यांणी चष्मा कपाळी चढवून ते पाहिले आणि फर्माविले, “राक्षस छापू की. पर कागद दुमडून मधी पिना मारायच्या म्हंजी पानं चारच्या पटीत लागत्यात, पोरी. सोळा कर, न्हाईतर वीस.”

सोळा करावी, तर तणासुराचा वधच उडतो. वीस करावी, तर दोन पाने मोकळी. बाई बहुत हैराण होऊन घरी आल्या, तो तेथे दुसरे संकट. तीर्थरूप हौसराव आप्पा, सोसायटीचे संचालक, यांणी मोकळ्या पानांचे वर्तमान ऐकताच बाईंस न पुसता पारावर शब्द दिला, की तेथे शुभेच्छुकांचे फोटो लागतील. मग काय विचारता! आजी चेअरमन, माजी चेअरमन, भावी चेअरमन ऐसे अकरा असामी चालून आले, कोणी गॉगल लावून, कोणी हात जोडून, कोणी कानी मोबाईल धरून, आणि आजी चेअरमनांची अर्जी ऐसी, की आपला फोटो कव्हरवरच घ्यावा, राणीच्या जरा वर.

“कॉमिक काढाया गेलीस आन् फ्लेक्स झाला,” सृष्टीने मीठ चोळिले.

मातुश्री मालनबाई शेवंती तोडता तोडता इतकेच बोलल्या, “आप्पांनी शबुद दिलाय, तो मोडू नगं. पर पुस्तक तुझं हाय, त्ये बी इसरू नगं.”

मग बाईंनी अकरा फोटो पुढ्यात मांडिले, दोन दिवस कंपासपेटीनिशी मोर्चा लाविला, चेअरमनांच्या मिशा तर भिंग लावून न्याहाळिल्या, आणि तिसरे दिवशी वीस पाने घेऊन शिरुरावर चाल केली. मामांना छापताना ऐसे हसू लोटले, की चार प्रतींच्या पिना वाकड्या बैसल्या. येणेप्रमाणे शंभर प्रती हस्तगत होऊन रविवारी सकाळी, चहाचे समयी, मोहीम फत्ते जाहली, हे दफ्तरी रुजू केले.

मग बाईंनी मातापित्यांस समोर बैसवून हुकूम जाहीर केला, “आप्पा, तुमचा शब्द पाळलाय. अकराही जण त्या दोन पानांत हायती, तणासुराच्या फौजेत. चेअरमन गाजरगवत झालेत आन् त्या अकरांचे सेनापती तुम्ही, चिवट हरळी. आता पारावर जाऊन पहिली प्रत चेअरमनच्या हातात मीच देणार हाय. आई, तू संगं चल. आप्पा, तुम्ही नुसतं मागं उभं ऱ्हावा.”