बॅगेचं पोट

गऊमावशी कुणाच्याही बॅगेत नाक खुपसते. अगदी खरोखरचं नाक. लोणावळा स्टेशनासमोर चिक्की घेणाऱ्या एका मुंबईच्या बाईंची बॅग तिने माझ्यादेखत त्यांच्या खांद्यावरून उतरवली, चेन उघडली आणि आत तोंड घालून लांब श्वास घेतला. बाई ओरडायच्या बेतात होत्या. तोवर मावशीने बॅग परत खांद्याला नीट अडकवून निकाल दिला, "अस्सल हाय. जपा." बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी आम्हालाच चिक्की दिली.

लोणावळ्याच्या भांगरवाडीत ती आमच्या मागच्या चाळीत एकटी राहते. तीस वर्षं तिने तुंगार्लीतल्या एका बंगल्याची राखण केली. मालकीणबाईंच्या परदेशी बॅगांनी तिथलं एक कपाट गच्च भरलेलं. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींनाही बुरशी येते, तिथे कातड्याची काय कथा! दर आठवड्याला सगळ्या बॅगा काढायच्या, पुसायच्या, वारा द्यायचा, हे मावशीचं काम. तिला अक्षर वाचता येत नाही, पण एकेका बॅगेची शिवण तोंडपाठ. कंपन्यांची नावंही तिनेच ठेवलेली: कुलूपवाली, दोन कड्यांची, आडव्या पट्ट्याची.

मी वापरलेल्या भारी बॅगा ऑनलाइन घेऊन विकते. पहिल्याच खेपेला सपशेल फसले आणि रडत बसले होते, तेव्हा मावशी आली. तेव्हापासून तिला दाखवल्याशिवाय मी बॅग घेत नाही. विकणारा व्हिडिओ कॉलवर "हंड्रेड पर्सेंट ओरिजिनल, दीदी" म्हणत बॅग मिरवत असतो आणि मावशी मागून ओरडते, "पोट दाखव!" बाहेरून सगळ्या सारख्याच, खोटेपणा अस्तरात सापडतो, असं तिचं म्हणणं. मग चेन फोनजवळ वाजवायला लावते. निम्मे लोक तिथेच फोन ठेवतात.

तिची शेवटची परीक्षा मात्र लोणावळ्याबाहेर कुणाला जमणार नाही. "खऱ्या कातड्याला हितं बुरशी येतीच. जिला बुरशी न्हाई, ती खोटी. तिचं नुसतं पापुद्रं सुटत्यात."

गंमत म्हणजे तिची स्वतःची पर्स पापुद्रे सुटलेली आहे. पट्टा सुतळीने बांधलेला. मी कितीदा चांगली बॅग देऊ केली, पण तिने घेतली नाही. तोंड मात्र फटकळ. मी तिला घेऊन गेले त्या एका हळदीकुंकवात तिने यजमानीणबाईंच्या नव्या बॅगेला सगळ्यांसमोर "रेग्झिन हाय" म्हणून टाकलं. त्या अजून माझ्याशीही बोलत नाहीत.

गेल्या वर्षी माझी लेक रेवा नोकरीला लागली. दुसऱ्यांना बॅगा विकणाऱ्या आईकडे स्वतःची एक तरी असावी, म्हणून पहिल्या पगारात तिने मला न सांगता ऑनलाइन एक वापरलेली कुलूपवाली घेतली. माझ्या हातात दिली आणि लगेच मावशीला हाक मारून विचारलं, "आजी, खरी आहे ना?"

मावशीने चेन ओढली, पोट पाहिलं, वास घेतला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ घेतला.

"अस्सल हाय," ती म्हणाली.

रेवाने मला मिठी मारली. मावशीचा शब्द म्हटल्यावर मी वेगळं कशाला तपासू?

श्रावणात मी कपाट उघडलं. चपला, पट्टे, विकायच्या चार बॅगा, सगळ्यांवर पांढरी बुरशी. रेवाच्या बॅगेवर मात्र ठिपका नव्हता. उलट कोपऱ्याशी एक पापुद्रा सुटलेला.

तडक मावशीकडे गेले. ती आपली पर्स पुसत बसली होती.

"मावशी, बुरशी नाही आली गं."

"न्हाई यायची."

"तुला कळलं होतं?"

"चेन वाजली तवाच. पर पोरगी ब्यागेकडं कुटं बगत व्हती? तुज्या तोंडाकडं बगत व्हती." मग हातातली पर्स तिने मांडीवर ठेवली. "ही आमच्या लेकानं, संतूनं आनल्याली, पयल्या पगाराची. म्या दारातच वास घेतला आन म्हनलं, रेग्झिन हाय रं. हसला त्यो. पर त्यानंतर सोताच्या हातानं कवा काय आनलं न्हाई."

संतू घोरावाडीला राहतो. इथून लोकलने फार तर पाऊण तास.

मावशीने माझ्या किती बॅगा वाचवल्या, आता आठवतही नाही. पण तिचे खरे उपकार आहेत ते त्या एका खोट्या निकालाचे, आणि ते मला जन्मभर पुरतील. रेवाची बॅग मी रोज वापरते. पापुद्रे सुटतात, सुटू देत.

मी मावशीसमोर फोन धरला. "संतूचा नंबर सांग."

"त्याला काय सांगनार?"

"मी नाही, तूच सांग."

तिने नंबर सांगितला आणि पदराने हात पुसले. पलीकडून "हॅलो" आल्यावर फोन तोंडाजवळ घेतला. मग एकदम मोठ्याने म्हणाली, "संतू, तुजी पर्स अजून वापरती रं मी."