खालून चौथी ओळ

मोघेसाहेबांच्या घरी सकाळचा चहा कॉम्प्युटरच्या परवानगीने होत असे. पडद्यावर 'शून्य त्रुटी' अशी हिरवी पट्टी आली की ते उठून गॅस पेटवत. पट्टी यायला कधी सव्वासात होत, कधी पावणेआठ. एकदा ती आलीच नाही, तर गृहस्थ चहा न घेता कारखान्यात गेले आणि दिवसभर डोकं धरून बसले.

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये ते वरच्या मजल्यावर राहत आणि आम्ही खाली. कारखाना एकच. मी ड्रॉइंग ऑफिसात होतो आणि ते तपासणी विभागात. तिथे त्यांची तीस वर्षं गेली होती. तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा आणि तीनपैकी एक चिठ्ठी लावून घेऊन परत जायचा: हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळी म्हणजे होल्ड. या चिठ्ठ्या त्यांच्या डोक्यात इतक्या मुरल्या होत्या की बाजारातही ते भाजीवाल्याला म्हणायचे, "भैया, ये कद्दू होल्ड पे रखो, मैं आगे देख के आता हूँ." मंडळाच्या गणपतीत माझ्या बायकोने, नीलाने, गाणं म्हटलं. मी भीत भीत विचारलं, "कसं वाटलं?" मोघेसाहेब विचार करून म्हणाले, "दुसरं कडवं होल्ड."

त्यांच्या पत्नीला, मालतीवहिनींना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात ते, एक जुना, पिवळट पडलेला कॉम्प्युटर आणि त्याच्या पोटातल्या त्रुटी.

या त्रुटींचं प्रकरण त्यांनी मला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा दीड तास घेतला. थोडक्यात असं, की कॉम्प्युटरच्या आत एक भली मोठी नोंदवही असते. तिला रजिस्ट्री म्हणतात. कुठला प्रोग्रॅम कुठे ठेवलाय, त्याला काय काय लागतं, सगळं तिच्यात लिहिलेलं. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याची एखादी ओळ मागे राहते. अशा बेवारस ओळी शोधून देणारा एक सफाईचा प्रोग्रॅम त्यांनी बसवला होता. तो रोज सकाळी यादी द्यायचा. मोघेसाहेब यादीतली एकेक ओळ वाचत, दुरुस्त करत, पुन्हा तपासणी लावत आणि पट्टी हिरवी झाली की उठत. दुसऱ्या दिवशी त्यातल्या निम्म्या ओळी परत हजर.

"अहो, मग उपयोग काय?" मी विचारलं.

"उपयोगाचा प्रश्न वेगळा, देशकर. दिसलेली चूक सोडून चहा प्यायचा, हे मान्य नाही."

'मान्य नाही' हे त्यांचे आवडते शब्द. आवाज न चढवता, जमिनीकडे बघत म्हणायचे. कारखान्यातले दांडगे फोरमनही त्या दोन शब्दांपुढे निमूट माल उचलून परत नेत.

एका हिवाळ्यात त्यांना पुतणीच्या लग्नाला नागपूरला जावं लागलं. चार दिवस. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते किल्ली आणि एक कागद घेऊन खाली आले. मला वाटलं, झाडांना पाणी घालायचं असेल. कागदावर बारा सूचना होत्या आणि सगळ्या कॉम्प्युटरच्या.

"रोज सकाळी सात वाजता तपासणी लावायची," ते म्हणाले.

"पण तुम्ही नसताना तो बंदच असणार ना? बंद कॉम्प्युटरमध्ये चुका कशा होतील?"

"बंद घरात धूळ बसत नाही का?"

मी कागद वाचायला घेतला. सूचना क्रमांक आठ अशी होती: 'दुरुस्तीपूर्वी जुन्या नोंदींची प्रत ठेवावी का, असे विचारले जाईल. होय म्हणावे.' आणि क्रमांक नऊ: 'खालून चौथ्या ओळीपुढची खूण काढावी. ती ओळ दुरुस्त करायची नाही. कारण विचारू नये.'

पहिले तीन दिवस मी कागद समोर ठेवून सगळं नीट केलं. चौथ्या दिवशी उठायला उशीर झाला. मी वर धावलो, तपासणी लावली, यादी आली आणि तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. मी 'सर्व दुरुस्त करा' हे बटण दाबलं. मध्ये त्याने काहीतरी विचारलं, त्याला 'नाही' म्हणालो आणि कुलूप लावून सायकल काढली. अर्ध्या वाटेत, शाळेच्या वळणावर, मला खालून चौथी ओळ आठवली.

मोघेसाहेब दुसऱ्या दिवशी आले, तेही संत्रा बर्फीचा डबा घेऊन. मी दारातच सांगून टाकलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"सात चाळीस."

"प्रत ठेवली होती?"

"नाही."

त्यांनी खिशातून छोटी वही काढली, तारीख आणि वेळ लिहिली, वही परत ठेवली. "बर्फी घ्या," म्हणाले. "नीलावहिनींनाही द्या." आणि जिना चढून गेले. पाठीमागून बघताना मला पहिल्यांदा दिसलं, की ते कठड्याला धरून चढतात.

पुढचे आठ-दहा दिवस वरून कॉम्प्युटरचा आवाज आला नाही. नीला म्हणाली, "साहेबांचा चहा हल्ली वेळेवर होतो वाटतं. साडेसहालाच भांड्यांचा आवाज येतो." खरं तर ते चांगलंच होतं. पण मला ते ऐकून बरं वाटेना. मान्य नाही म्हणाले असते, चार शब्द सुनावले असते, तर मी सुटलो असतो.

शेवटी एका रविवारी मीच वर गेलो. दार उघडंच होतं. ते टेबलापाशी बसले होते, कॉम्प्युटर चालू होता आणि पडद्यावर निव्वळ काला: इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, अर्धे कंस, मध्येच डॉलरचं चिन्ह.

"साहेब, ती ओळ कसली होती?"

त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली. मग म्हणाले, "मालतीचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम."

मालतीवहिनी टाउनशिपच्या महिला मंडळात टायपिंग शिकल्या होत्या, पन्नाशी उलटल्यावर. मंडळाची निमंत्रणं, सूचना त्याच टाइप करायच्या, हे मला माहीत होतं. पण त्या दुपारच्या वेळी आणखीही काही लिहीत, हे मला ठाऊक नव्हतं. अमरावतीचं लहानपण, शाळा, वडिलांचं छपाईचं दुकान, बहिणी. एकशे चाळीस पानं. मोघेसाहेबांना तरी कुठे ठाऊक होतं! त्या गेल्यावर महिनाभराने त्यांना ती फाइल सापडली. याच्या आधीचा कॉम्प्युटर मोडला तेव्हा सगळं या कॉम्प्युटरमध्ये उचलून आणलं होतं. पण नोंदवहीत त्या प्रोग्रॅमचा पत्ता जुन्या घराचाच, म्हणजे त्या मोडलेल्या कॉम्प्युटरचाच राहिला होता. तो चालत होता, तरी सफाईच्या प्रोग्रॅमला तो बेवारस वाटायचा. रोज सकाळी यादीत नाव यायचं आणि रोज सकाळी मोघेसाहेब आपल्या हाताने त्याच्यापुढची खूण काढायचे. मी 'सर्व दुरुस्त करा' दाबलं तेव्हा ती नोंद पुसली गेली, प्रोग्रॅम उघडेनासा झाला आणि त्यातल्या मराठीचा हा काला झाला.

"एकशे चाळीस पानं वाचून झाली असतील तुमची," मी म्हणालो. म्हटलं, निदान तेवढं तरी समाधान.

"सत्तावन्न झाली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "रविवारी एक, तेही दर रविवारी नाही. सगळं वाचून टाकलं असतं, तर तिचं बोलणं संपलं असतं."

मला खाली बघवेना आणि वर बघवेना.

प्रोग्रॅम परत बसवता येईल का, यासाठी आम्ही दोघं न्यू मार्केटमध्ये हिंडलो. ज्याने तो दिला होता त्याचं दुकान कधीच उठलं होतं. शेजारचा म्हणाला, "वो तो कब के गए, अंकल. अब ये सब कौन चलाता है." परत येताना बसमध्ये मोघेसाहेब खिडकीबाहेर बघत होते. हबीबगंजच्या पुढे एकदम म्हणाले, "देशकर, अक्षरं गेलेली नाहीत. फक्त चेहरे बदललेत."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते फक्त तेच करू शकले असते. कपाटातून त्यांनी वहिनींनी टाइप केलेलं हळदीकुंकवाचं एक छापील निमंत्रण शोधून काढलं. त्याची फाइलही कॉम्प्युटरमध्ये होती, अर्थात काल्याच्या रूपात. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी तक्ता बनवला. 'सप्रेम'चा स म्हणजे काय, प्र म्हणजे काय, वेलांटी कशी दिसते, अनुस्वार कुठे बसतो. मग अठ्ठावन्नावं पान छापलं, तक्ता समोर ठेवला आणि पेन्सिलीने एकेक अक्षर उलगडायला सुरुवात केली. पूर्वी दहा मिनिटांत होणाऱ्या पानाला आता आठवडा लागू लागला. मी संध्याकाळी वर डोकावलो की ते सांगायचे, "आज चार ओळी पास."

माझी टोचणी काही कमी होत नव्हती. अशात आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला सांगितलं, की असल्या जुन्या फाइली नव्या अक्षरांत आणून देणारी सोय आता इंटरनेटवर फुकट मिळते. वहिनींनी टाइप केलेल्या एका जुन्या सूचनेची फाइल महिला मंडळाकडून आणून मी त्यात घालून पाहिली. क्षणात स्वच्छ मराठी समोर. मी सायकल किती वेगाने मारली ते मलाच ठाऊक. जिना चढून धापा टाकत त्यांना सगळं सांगितलं.

मोघेसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "माहीत आहे मला," ते म्हणाले. "आमच्या विभागातल्या मुलीने महिन्यापूर्वीच सांगितलं."

"मग?"

"एका मिनिटात सगळी पानं समोर येतील, देशकर. मग मी काय करू?"

मी खुर्चीवर टेकलो. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "त्यापेक्षा हे बघा. चार दिवस अडलोय. साठावं पान. पहिलाच शब्द लागत नाही. शेवटी 'ांना' आहे, ते दिसतंय. त्याच्या आधी हे एक चिन्ह. तक्त्यात नाही."

"पुढचं वाचून अंदाज येईल की."

"आधीचं पास झाल्याशिवाय पुढचं उघडायचं? मान्य नाही." त्यांनी खाली शब्द लिहून काट मारलेली यादी दाखवली. बाबांना, मामांना, त्यांना. "यांतली सगळी अक्षरं तक्त्यात आहेत, म्हणजे हे नव्हेत. कुणीतरी नवीन माणूस आलाय."

मी त्या चिन्हाकडे बघत राहिलो आणि मला मालतीवहिनी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या दिसल्या, हातात वाटी घेऊन. 'नीला, थोडं विरजण दे गं. ह्यांना ताक लागतं.'

"साहेब," मी म्हणालो, "ह्यांना."

"कुणाला?"

"तुम्हाला. 'ह्यांना'. वहिनी तुमच्याबद्दल बोलताना तसंच म्हणायच्या."

"मला तर ती 'अहो' म्हणायची."

"तुम्हाला 'अहो'. आम्हाला सांगताना 'हे' आणि 'ह्यांना'. तुमच्यासमोर कशाला म्हणतील?"

तीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांच्या कानावर पडला नसेल असं नाही. पण आपलं ते नाव आहे, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. त्यांनी तक्त्यात एक नवी चौकट आखली आणि 'ह्य' हे जोडाक्षर लिहिलं. रेघ सरळ आली. मग मी तक्ता धरला, ते लिहीत गेले आणि वाक्य उमटलं:

'ह्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या ओसरीवर. मोठी माणसं चहा घेत होती आणि हे स्टूल उलटं करून त्याचे पाय मोजत होते.'

"एक पाय अर्ध्या सुताने कमी होता," मोघेसाहेब मान वर न करता म्हणाले. "मी त्यांना सांगितलंही."

पुढचं वाक्य लावायला आम्हाला बराच वेळ लागला. बाहेर शिफ्ट सुटून सायकली जाऊ लागल्या होत्या. शेवटचं अक्षर लिहून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि वही दोघांना दिसेल अशी धरली.

'मला वाटलं, ह्या माणसाबरोबर राहायचं म्हणजे दमायला होईल. पण घर डुगडुगणार नाही.'

ते हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं, ओठ हलवत, शाळेत वाचतात तसं. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "दमली असेल का हो ती?"

मालतीवहिनींना मी अकरा वर्षं ओळखत होतो. त्या दमायच्या हे मला माहीत होतं, आणि दमून आमच्या पायरीवर येऊन बसल्या की ह्यांच्याबद्दलच बोलायच्या, हेही. पण त्यांनी विचारलं होतं ते मला नव्हतंच.

मी तक्ता पुन्हा उचलला. "पुढचं अक्षर सांगू का?"

त्यांनी पेन्सिल हातात घेतली. टोक बोटाने तपासलं. मग म्हणाले, "सांगा."