खांबापासून सव्वीस पावलं

नव्या स्टँडमधल्या पहिल्याच मॅचला ट्रेव्हर ग्रिमशॉ आपल्या खुर्चीवर बसला, उजवीकडे मान वळवली आणि म्हणाला, "च्यायला, हा तो नव्हे."

उजवीकडे एक बाई होती. मांडीवर लोकरीची उशी घेऊन बसलेली.

"मला म्हणालात?"

"नाही. म्हणजे हो. तुमच्या जागी एक माणूस असायचा."

"माझ्या वर्षभराच्या तिकिटावर हाच नंबर आहे."

"हो हो, तुमचीच आहे. बसा."

त्या माणसाचं नाव ट्रेव्हरला माहीत नव्हतं. एकर्डेल टाऊन या फुटबॉल टीमच्या जुन्या स्टँडला खुर्च्या नव्हत्याच. सिमेंटच्या पायऱ्या, मधे लोखंडी आडवे दांडे, दांड्याला पोट टेकवायचं आणि उभं राहायचं. ट्रेव्हर तिसऱ्या दांड्याला, त्याच्या उजवीकडे तो. एकतीस वर्षं, एक शनिवार आड. तो "आलास?" म्हणायचा, ट्रेव्हर "आलो" म्हणायचा, मग दोघं मिळून नव्वद मिनिटं आपल्याच टीमला शिव्या घालायचे. आणि गोल झाला की मिठी मारायचे. मिठीचं मुद्दाम सांगायला हवं. ट्रेव्हरने सख्ख्या भावाच्या लग्नात भावाशी नुसता हात मिळवला होता. पण गोलची गोष्ट वेगळी. गोल झाला की चालतं.

नाव विचारायचं राहूनच गेलं. पहिल्या वर्षी तेवढी ओळख नव्हती, आणि दहाव्या वर्षी विचारायची लाज वाटायला लागली.

मग स्टँड पाडला. दोन वर्षं टाऊन शेजारच्या गावात उसन्या मैदानावर खेळली. त्यात ट्रेव्हरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तो घरात. पण त्याला काळजी नव्हती. म्हटलं, तो जाणार कुठे? नवा स्टँड झाला की आपल्या जागेवर येईलच.

पण जागा कुठे होती? फोन नाही, पत्ता नाही, होती ती एवढी एक जागा, आणि तीच बुलडोझरखाली गेलेली.

ट्रेव्हरने ठरवलं, आपलीच खुर्ची चुकली असणार. दुसऱ्या मॅचला त्याने एकाशी खुर्ची बदलली, तिसऱ्या मॅचला तिघांशी. चौथ्या मॅचपर्यंत आख्खी रांग इकडची तिकडे झाली आणि एक नवरा-बायको आठ खुर्च्या लांब जाऊन पडले. त्यांची काही तक्रार नव्हती, उलट दोघं खुशीत दिसत होते. पण पिलिंगसाहेब आले. पिलिंगसाहेब म्हणजे सुरक्षा अधिकारी. पावसानेसुद्धा अर्ज करून मगच पडावं असा माणूस.

"मिस्टर ग्रिमशॉ, तिकिटावर जो नंबर आहे तिथे बसा. पुन्हा तक्रार आली तर तिकीट जप्त होईल."

म्हणून ट्रेव्हर मंगळवारी आला, मैदानात चिटपाखरू नसताना. दिव्याचा मोठा खांब तेवढा जुना होता, जागचा हलला नव्हता. त्या खांबापासून तिसरा दांडा सव्वीस पावलं. शपथेवर सांगितलं असतं त्याने. एकतीस वर्षं चाललेली पावलं. तो मोजत निघाला, अठरा, एकोणीस, स्टँडच्या पोटात शिरला, तेवीस, एक दार ढकललं, पंचवीस, सव्वीस, आणि थांबला. एका बाजूला पाई गरम ठेवायचं कपाट. दुसऱ्या बाजूला चहाची टाकी.

"काय मोजतोयस, राजा?" ग्लेनिसने विचारलं. मॅचच्या दिवशी पाई आणि चहाची खिडकी ती चालवायची, जुन्या पत्र्याच्या टपरीपासून; आज टाकी घासायला आली होती. सगळ्या पुरुषांना ती राजाच म्हणायची, नवरा सोडून.

ट्रेव्हरने सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझी जागा माझ्या किचनमध्ये?"

"बरोब्बर इथे. त्याला डोकं असेल तर तोही मोजत इथेच येईल."

"येईल तेव्हा येईल. मला शनिवारी एक माणूस कमी आहे." तिने त्याच्याकडे एप्रन फेकला. "दिसतो कसा तो?"

"डाव्या कानाचा वरचा तुकडा गेलेला. नाक असं, खाली येऊन परत वर गेलेलं. टोपी."

"अरे हे एका बाजूचं झालं. समोरून कसा दिसतो?"

ट्रेव्हरने मान उजवीकडे वळवली, मग परत समोर.

"समोरून कधी बघितलाच नाही. आम्ही मॅच बघत होतो."

शनिवारी ट्रेव्हर खिडकीत उभा राहिला. मांस-बटाट्याची पाई आणि चहा, यापलीकडे द्यायचं काही नव्हतं, तरी त्याने रांग अडवली. पाई हातात धरायचा आणि म्हणायचा, "जरा तिकडे बघता?" गिऱ्हाईक मान वळवायचं, ट्रेव्हर कान बघायचा, मग पाई द्यायचा. पहिले चार-पाच जण गोंधळले. त्यांच्या मागच्यांना वाटलं, नवा नियम असेल. नव्या स्टँडमध्ये नवे नियम खूप आले होते. खिडकीतल्या तिसऱ्या मॅचला सांगावंच लागेना. लोक खिडकीशी आले की आपणहून मैदानाच्या दाराकडे मान वळवायचे, पाई घ्यायचे, आभार मानायचे आणि जायचे. मागे कुणीतरी कुणाला तरी समजावत होतं, "कॅमेरा आहे वर. चेहरा नोंदवतात." चौथ्या मॅचला एका म्हाताऱ्याने चष्मा आणि टोपी दोन्ही काढली.

कान मात्र सगळे धड निघाले. प्रत्येक मॅचनंतर घरी जाताना ट्रेव्हरला वाटायचं, मेला असेल. मग वाटायचं, मेला असेल तर मला कळणार कसं? पेपरात नाव येईल, आणि मी वाचून पान उलटेन.

पाचवी मॅच कपची होती. पाहुणे मोठ्या शहराचे, त्यांचे दोन हजार लोक आलेले, शेजारचा अर्धा स्टँड त्यांना दिलेला. मध्यंतराआधी ग्लेनिस कप मांडत म्हणाली, "ट्रेव्हर, कुठला कान म्हणालास?"

"डावा."

"आणि तुला पाच मॅच हे लोक कुठला दाखवतायत?"

ट्रेव्हरने हवेत हात फिरवून हिशेब केला. समोरचा माणूस, तो तिकडे वळला, म्हणजे...

"आई गं," ट्रेव्हर म्हणाला.

"पाच मॅच उजवे कान बघतोयस, गाढवा."

मध्यंतर झालं, रांग लागली. ट्रेव्हरने खिडकीतून डोकं काढून हाळी दिली, "आजपासून उलट्या बाजूला वळायचं!"

झालं. नियमाला कुणाची ना नव्हती, पण बदललेल्या नियमाला होती.

"गेल्या महिन्यात ही बाजू होती!"

"नोटीस कुठे लावलीय?"

"माझी नोंद त्या बाजूने झालीय, आता काय परत करायची?"

अर्धे इकडे वळले, अर्धे तिकडे. दोघांची नाकं एकमेकांवर आपटली. कुणाचा चहा कुणाच्या मानेत गेला, तो उडी मारून मागच्याच्या पाईवर बसला. "सॉरी", "सॉरी", "छे छे, माझीच मान मधे आली." या गर्दीतून पिलिंगसाहेब आले, हातात वही.

"मान वळवायचा आदेश कुणाचा?"

सगळ्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. ट्रेव्हरने पण दाखवलं, सवयीने.

खिडकी बंद झाली. एप्रन काढायला सांगितलं. दुसऱ्या हाफची शिट्टी वाजली आणि लोक वर पळाले. ट्रेव्हर बाजूच्या दाराने बाहेर आला तर एकजण अजून उभा होता, कोटावर चहा सांडलेला, हात रिकामे.

"तुमची पाई राहिली," ट्रेव्हरने शरमून एक पुढे केली. "मॅच सुरू झाली बरं का."

"गुडघा भरलाय. जरा टेकतो," तो माणूस म्हणाला.

दोघं बंद खिडकीला पाठ लावून उभे राहिले, तोंड मैदानाच्या दिशेला. समोर नुसती सिमेंटची भिंत. वरून गर्दीचा आवाज येत होता.

"आपला तीन नंबर आज पण झोपलाय," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"झोपू दे," ट्रेव्हरच्या तोंडून आपोआप निघालं. "जागा झाला तर आपल्याच गोलात मारेल."

ट्रेव्हरने हळूच उजवीकडे बघितलं. टोपी. नाक, खाली येऊन परत वर. तुकडा गेलेला कान.

"आलास?" तो म्हणाला.

"आलो," ट्रेव्हर म्हणाला. "मला वाटलं, गेलास."

"हृदयाची झडप बदलली. गाईची घातलीय."

"चालते?"

"टाऊनची मॅच असली की मधेच थांबते."

"पण तू इथे कुठे? तू तर पाई खात नाहीस."

"अजून नाही आवडत. खांबापासून पावलं मोजली, तर पुढे रांग. उभा राहिलो रांगेत. आता रांगेतून पुढे आल्यावर पाई नको कसं म्हणायचं? पाच मॅच खातोय."

"माझ्या हातून! मला ओळखलं नाहीस?"

"समोरून तू वेगळाच दिसतोस."

"कसा?"

"बाजूने बरा होतास."

ट्रेव्हरने यावर थोडा विचार केला आणि सोडून दिला. "बसतोस कुठे?"

"वर, त्या टोकाच्या कोपऱ्यात. झकास जागा. सगळं मैदान दिसतं. पूर्वी अर्धं तरी दिसायचं का?" तो थांबला. "दिसतं सगळं. पण सांगू कुणाला?"

तेवढ्यात वर स्टँड हादरला. असा आवाज उठला की छतातून धूळ पडली. गोल! ट्रेव्हर ओरडला, तो ओरडला, पाई कुठच्या कुठे गेली, आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. अडीच वर्षांची मिठी होती ती. बरगड्या वाजल्या. ट्रेव्हरने त्या चहाने भिजलेल्या कोटात तोंड खुपसलं.

मग लाऊडस्पीकर खरखरला. गोल करणाऱ्याचं नाव सांगितलं. पाहुण्यांचं पोर होतं.

"आपला नव्हता," ट्रेव्हर कोटातूनच म्हणाला.

"ऐकलं."

"मग सोड की."

"तू सोड आधी."