वजनकाट्यावरचं वय

बावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी मला रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि वर "आता ही कायमची" असंही ऐकवलं. कायमच्या अशा दोनच गोष्टी माझ्याकडे होत्या, नोकरी आणि बायको. तिसरी सोसवेना. मी फारच गयावया केली तेव्हा ते म्हणाले, "वजन उतरवा, व्यायाम करा, महिन्याने बघू. पण तोवर गोळी चुकवायची नाही."

म्हणून मी तो काटा आणला. त्यावर अनवाणी उभं राहिलं की चरबी, स्नायू सगळं मोजून तो शरीराचं खरं वय बायकोच्या मोबाइलवर पाठवतो. (जन्मतारीख ही निव्वळ कागदोपत्री बाब आहे, असं मी ऑफिसात सर्वांना पटवून दिलं होतं.) पहिल्याच दिवशी त्याने मला त्रेसष्ट वर्षांचा ठरवला. म्हणजे हिशोबाने मी रिटायर होऊनही ऑफिसात जात होतो.

मग मी हट्टाला पेटलो. रात्रीचं जेवण बंद केलं. तोल सांभाळता आला की म्हातारपण लांबतं असं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून एका पायावर उभं राहून दात घासू लागलो. त्यात टॉवेलची दांडी भिंतीतून उपटून हातात आली. सासूबाईंनी (सत्तर पूर्ण, आमच्याकडेच असतात) स्टुलावर चढून ती परत ठोकून दिली. चष्मा तर मी ड्रॉवरमध्येच टाकला. चष्म्याने डोळे आळशी होतात, हा माझा स्वतःचा शोध.

आणि एका सकाळी मोबाइलवर ठळक आकडा दिसला, एकोणपन्नास. मी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला, तरुण राहण्यावर भाषण ठोकलं आणि गोळी बंद केली.

"अहो, डॉक्टरांना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"आकडा समोर असताना डॉक्टर कशाला?"

महिना संपला तेव्हा डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि त्यांचा चेहरा उतरला. मी ऐटीत बायकोचा मोबाइल पुढे केला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण यावर बारीक अक्षरात 'आई' लिहिलंय. खाली 'हे' म्हणून कोणीतरी आहेत, त्यांचं वय चौसष्ट."

"आईचं नाव मीच घातलं मध्यंतरी," बायको म्हणाली. "तीही रोज उभी राहते त्यावर. आणि 'हे' म्हणजे हे." तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

महिनाभर उपाशी राहून मी आणखी एका वर्षाने म्हातारा झालो होतो. "चरबी तशीच आहे, स्नायू तेवढे गेले," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी एकाच्या दोन गोळ्या केल्या आणि रोज संध्याकाळी सासूबाईंबरोबर चालायला जाण्याचा हुकूम सोडला. खरं सांगतो, मला त्या दिवशी भीती वाटली. तेव्हापासून गोळी चुकवलेली नाही.

परवा बागेत बाकावरच्या एक बाई सासूबाईंना म्हणाल्या, "मोठे भाऊ का तुमचे?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण दम लागला होता.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "हळूहळू चालतात, पण येतात बिचारे."