तळघरातला गुण

या, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं, जागा पुष्कळ आहे. आज एका डोक्याची गोष्ट सांगतो. डोक्याच्या बाहेरच्या बाजूची, बरं का. आतल्या बाजूचा संबंध फारसा येणार नाही, कारण गोष्ट कचेरीत घडते.

दाखले देणाऱ्या त्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीवर भाऊ बसत. एकोणीस वर्षं. जन्माचा दाखला न्यायला आलेल्या बापाला 'बाळ कुणावर गेलंय?' आणि मृत्यूचा न्यायला आलेल्या लेकाला 'जेवलास का?' असं विचारल्याशिवाय त्यांचा शिक्का उठत नसे. देवाने त्यांना बसायला ती खिडकी दिली होती आणि भाऊंचा सगळा जीव तिच्यात होता.

मग वरून आदेश आला, की खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनी गडद निळा कोट घालावा. कोट आला आणि भाऊंचा कोंडा उघड्यावर आला. इतकी वर्षं तो पांढऱ्या सदऱ्यावर गुण्यागोविंदाने नांदत होता. आठवड्याभरात लेखी तक्रार दाखल झाली: 'दाखल्यावर पांढरा, अनोळखी पदार्थ आढळला.'

साहेबांनी बोलावून घेतलं. "भाऊ, महिन्याने तपासणी आहे. तोवर खांदे स्वच्छ दिसले नाहीत, तर तळघरात दप्तरखोलीत जावं लागेल."

भाऊंना तळघर डोळ्यांपुढे दिसलं. तळघरात नुसते कागद. कागदांना काय विचारणार, जेवलात का?

"लिंबू चोळा," साहेब मायेने म्हणाले. "अगदी नैसर्गिक. माझ्या मेव्हण्याचं सगळं गेलं."

"कोंडा?"

"केसही. पण कोंडा आधी गेला."

मुख्य कारकुनांनी ही सूचना तत्परतेने फायलीत घेतली. त्यांना सगळे रकानेराव म्हणत, कारण जे रकान्यात बसत नाही ते जगात नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. दुसऱ्या दिवशी उपसाहेबांनी आंबट दही सुचवलं. आता पेच पडला. दह्यासाठी लिंबू थांबवावं, तर साहेबांचा अवमान. दही नाकारावं, तर उपसाहेबांचा. रकानेरावांनी तोडगा काढला: आधी लिंबू, त्यावर दही, हुद्द्याच्या उतरत्या क्रमाने. त्यामुळे आवक-जावकच्या बाईंची वाटलेली मेथी तिसरी आली आणि शिपाईदादांचा व्हिनेगर चौथा. घरी बायकोने कडुनिंब वाटून ठेवलाच होता. घरचा हुद्दा कुठल्याही साहेबाच्या वर असल्याने तो पहाटेच लागे.

पंधरा दिवसांत भाऊंच्या डोक्यावर भाजीमंडई भरली. टाळू लालबुंद झाली, आग आग होऊ लागली, आणि कोंडा दुपटीने गळू लागला. रकानेराव रोज अकरा वाजता काळा पुठ्ठा धरून भाऊंना मान झटकायला लावत आणि भिंग लावून मोजत. सोमवारी चाळीस, गुरुवारी एकशे दहा.

"वाढतोय हो!" भाऊ कळवळले.

"वाढत नाही, बाहेर पडतोय," रकानेराव म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं: 'उपायांची प्रगती समाधानकारक.'

कचेरी झाडायला येणाऱ्या मावशी रोज भाऊंच्या खुर्चीखालचा केर काढत. त्या दिवशी त्यांनी झाडू टेकवला. "भाऊ, डोकं आहे का पाटा? जो येतो तो त्यावर काहीतरी वाटतोय. कातडी सोललीय पार. आधी सगळं लावणं बंद करा. सकाळी मी ज्यांच्याकडे झाडते ना, त्या कातडीच्या डॉक्टरीण आहेत. त्यांना एकदा दाखवा."

भाऊंना हे एकदम पटलं. म्हणून ते परवानगी मागायला गेले. नोकरीत मुरलेला माणूस, पटलेली गोष्टही परवानगीशिवाय करत नाही.

"काही न लावणे, हा उपाय कुणी सुचवला?" रकानेरावांनी पेन उघडलं.

"मावशींनी."

"हुद्दा?"

"झाडतात त्या."

रकानेरावांनी फॉर्म उलटसुलट पाहिला आणि पेन मिटलं. "आपल्या यादीत हा हुद्दाच नाही, भाऊ. शिवाय काहीच न लावण्याची नोंद मी कशी करू?"

तपासणीचा दिवस उजाडला. तपासणी अधिकारी भाऊंसमोर उभे राहिले. भाऊ नमस्काराला वाकले, आणि नोंदवहीवर शुभ्र पखरण झाली. रकानेरावांनी घाईने काळा पुठ्ठा पुढे केला. अधिकाऱ्यांनी मात्र सावकाश स्वतःची टोपी काढून खांदा झटकला. तिथूनही बरंच काही पडलं.

"मलाही आहे," ते आपुलकीने म्हणाले. "वीस वर्षं कांद्याचा रस लावतोय. फार गुणकारी!"

हुद्द्याने कांदा सर्वांच्या वर गेला. तीन दिवसांत खिडकीसमोरची रांग नाक दाबून पाच नंबरकडे वळली, तक्रारी आल्या, आणि कांदा लागू पडेपर्यंत भाऊंची रवानगी तळघरात झाली.

तळघरात उतरून सल्ला द्यायला कुणाला वेळ? तिथे फक्त मावशी येत. भाऊंनी सगळं धुऊन टाकलं, डॉक्टरीणबाईंनी दिलेलं औषध सांगितलं तसं वापरलं. दीड महिन्यात कोट निव्वळ निळा.

भाऊ नाचतच वर गेले. "झालं बरं! आता माझी खिडकी?"

साहेबांनी खांदे न्याहाळले, रकानेरावांनी शेरा वाचून दाखवला: 'तळघरातील हवा कोंड्यावर अत्यंत गुणकारी.' त्याच संध्याकाळी परिपत्रक निघालं. ज्यांच्या ज्यांच्या खांद्यावर कोंडा, ते सगळे तळघरात. भाऊ तर आता जिवंत पुरावा. पुरावा दप्तरखोलीतून हलवता येत नाही. भाऊ तिथेच आहेत. झाडू टेकवून मावशी रोज विचारतात, "भाऊ, जेवलात का?"

आता खरं सांगा. ऐकता ऐकता तुमच्या ओठांवर आलंच होतं ना, की 'अहो, त्यांनी कोरफड लावायला हवी होती'? मघापासून दोघे-तिघे चुळबुळताहेत, मला दिसतंय. तेवढी कोरफड गिळा. घरी जाताना वाटेत कुणी डोकं खाजवताना दिसेलच. त्याला काही सांगायला तोंड उघडण्याआधी क्षणभर त्या मावशींची आठवण काढा. फायलीत त्यांना जागा नाही. तुमच्याजवळ असेल तर द्या.