विद्यापीठात एस.टी. लागत नाही

"पंप खाली ठेव, गज्या! आधी पंप खाली ठेव!"

वामनमामा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की शेजारच्या वावरातली बैलजोडी तासात थबकली आणि पुसद रोडवर एक एस.टी. कोणी हात न दाखवता उभी राहिली. मी वाढवून सांगतो असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. पण गाडी थांबली होती. कशानं थांबली ते मी ड्रायव्हरला विचारायला गेलो नाही, एवढंच.

गज्या म्हणजे गजानन, बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्या पायाशी औषधाच्या तीन बाटल्या आणि पाण्याचा ड्रम होता. त्या साली गुलाबी अळी पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, अशी शिरली होती, की बोंड बाहेरून नवरदेव आणि आतून पोकळ. लोक हातात येईल ते फवारत होते. फवारता फवारता डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणसं दवाखान्यात भरती होत होती. आणि गज्याच्या मोबाइलवर मेसेजमधून एक भारदस्त आवाज आला होता, "मी विद्यापीठातून मोठा शास्त्रज्ञ बोलत आहे. ही तीन औषधं एकत्र करून मारा. अळीचा वंश उरणार नाही."

मामांनी तो आवाज डोळे मिटून ऐकला. पुन्हा लाव म्हणाले. मग विचारलं, "विद्यापीठात एस.टी. कवापासून लागते रे?"

"म्हंजे?"

"मागून आवाज येऊन राह्यला. 'आर्णी माहूर गाडी फलाटावर लागत आहे.' हा तुहा शास्त्रज्ञ आर्णीच्या स्टँडवर बसेल हाये."

इथे मामांची ओळख करून द्यायला हवी. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. सारी नोकरी दिग्रसच्या बसस्थानकात, चौकशीच्या खिडकीमागे, माइकसमोर. मागच्या स्टँडवरून फोन यायचा, 'गाडी सुटली.' दुसरा कोणी असता तर लगेच पुकारलं असतं. मामा फोनवर विचारायचे, "डोळ्यानं पाह्यली का?" पलीकडचा म्हणायचा, शिपायानं सांगितलं. "मंग शिपायाले फोन दे." शिपायाला कंडक्टरनं सांगितलेलं असायचं. मामांची चौकशी पुरी होईपर्यंत गाडी येऊन, माणसं भरून निघूनही जायची. पण मामांनी पुकारलेली गाडी आली नाही, असं आमच्या गावात एकदाही घडलं नाही.

रिटायर झाल्यावर गाड्या सुटल्या आणि हातात मोबाइल आला. मेसेज आला की मामा पायात चपला घालत. "तुले कोन पाठोला? त्याले कोन पाठोला?" करत माणसामागून माणूस उलटे जात. अरुणावतीच्या धरणात मगर निघाल्याच्या मेसेजमागे ते अर्धं दिग्रस फिरले. घरोघरी चहा, एका घरी पोहे, एका घरी कोणाच्या तरी बारशाचं जेवण. शेवटी आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "माग इथपर्यंत लागते. पुढचा मानूस सापडून नाही राह्यला." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात तोंड घातलं.

चौकशी पुरी झाली की मामा गल्लीत उभे राहून निकाल देत. तेवढ्यापुरती भाषा नोकरीतली. "नागरिकांनी लक्ष द्यावे. मगरीची बातमी रद्द करण्यात आलेली आहे."

तर त्या दिवशी गज्या ऐकेना. "मामा, शास्त्रज्ञ स्टँडवर चहा प्यायले जाऊ नाही शकत का?"

"जाऊ शकते. मी इचारून येतो. मले संध्याकाळपावतर टाइम दे."

"अळी टाइम देते का? आज नाही मारलं तं बोंडं हातची गेली. वर्षाचा माल हाये माहा."

मामांनी तिन्ही बाटल्यांची टोपणं आवळली, बाटल्या पिशवीत टाकल्या, पिशवी छत्रीच्या दांडीला अडकवली आणि रोडच्या दिशेनं चालू लागले. बायको मला म्हणाली, "तुम्ही जा संग. नाही तं गज्या नवीन बाटल्या आनीन." म्हणजे मी मामांसोबत जायचं आणि ती भावाजवळ पंपावर बसून राहणार. ती बसलीही. माझी बायको एखाद्या वस्तूवर बसली, की ती वस्तू सरकार बदललं तरी हलत नाही.

आर्णीच्या स्टँडवर मामा भोंग्याखाली उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलतं करू लागले. भेळवाला बोलला, दोन कंडक्टर बोलले, बाशिंग बांधलेला एक नवरदेव बोलला. मामा मान हलवत, "हा नोहे." तेवढ्यात कॅन्टीनमधून आवाज आला, "एक हाफ चाय, शक्कर जरा कम." चहाची ऑर्डर नव्हे, किल्ल्याच्या बुरुजावरून दिलेली दवंडी. मामांनी माझा दंड धरला. "शास्त्रज्ञ."

शास्त्रज्ञाचं नाव रफिकभाई. लग्नात, कबड्डीच्या सामन्यात माइकवर बोलणं हा त्यांचा धंदा. मामांनी मोबाइल लावून समोर धरला. रफिकभाईंनी आपलाच आवाज कौतुकानं ऐकला आणि म्हणाले, "आवाज मेरा है. अक्कल मेरी नहीं."

"मंग कोनाची?"

"मजकूर साळ्याने पाठवला पुसदहून. म्हणाला, तुमच्या आवाजात लोक ऐकतील. वो शास्त्रज्ञ मैंने लगाया, शोभा के लिए. लग्नातबी नवरदेवाला थोडं वाढवूनच पुकारतो ना."

मामा शांतपणे म्हणाले, "भाऊ, नवरदेव वाढोला तं मानूस मरत नाही." त्यांनी पिशवी उघडून बाटल्या दाखवल्या. रफिकभाईंचा चहा तसाच राहिला. त्यांनीच पुढचे फोन लावले.

साळा म्हणाला, मला दारव्ह्याच्या सलूनवाल्यानं पाठवला. सलूनवाला म्हणाला, मला दिग्रसच्या एका ग्रुपवरून आला. लांब होता म्हणून शेवट मी कापला. मामांनी त्याच्याकडून मूळ मेसेज मागवला. तो आला. मामांनी वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

'अळी लय झाली. हे तीन औषधं एकत्र करून मारले तं जमते का? कोनी मारलं असन तं सांगा.' खाली पाठवणाऱ्याचं नाव. गजानन.

परतलो तेव्हा उन्हं कलली होती आणि बायको पंपावरच होती. गज्यानं मेसेज पाहिला.

"म्हंजे माहाच सवाल मले जवाब म्हनून वापस आला?"

"गावोगाव फिरून, शिकून आला," मी म्हणालो.

"अन् मी त्याच्यावर भरोसा ठेवून राह्यलोतो." तो बाटल्यांकडे पाहत खाली बसला. बायको पंपावरून उठली आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मामांनी धुऱ्यावर उभं राहून मोकळ्या वावराला सांगितलं, "शेतकरी बंधूंनी लक्ष द्यावे. तीन औषधांची गाडी रद्द करण्यात आलेली आहे."

दुसऱ्या दिवशी मामा तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनाही तेच, "तुम्ही वावर डोळ्यानं पाह्यलं का?" साहेब म्हणाले, नाही पाहिलं, पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मामा इतके खूश झाले, की साहेबांच्याच मोटारसायकलवर मागे बसून त्यांना घेऊनच आले. "हा मानूस नाही मालूम म्हनते. याच्यावर ठेवा भरोसा." साहेबांनी बोंडं फोडून पाहिली. मिटलेली डोमकळी फुलं तोडून जाळायला सांगितली, अळीचे पतंग धरायचे सापळे टांगायला लावले, फवारायचंच तर एकच औषध, तेही तोंड-नाक बांधून.

सगळं वाचलं असं नाही. पण वेचायला कापूस राहिला, आणि वेचायला गज्याही राहिला. पहिल्या वेचणीला सीतादही केली. वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि पहिला घास गज्यानं मामांच्या हातावर ठेवला.

मामी गेल्यापासूनचं मी पाहत होतो. पाहत काय, ऐकत होतो. भिंतीपलीकडून दुपारी मामांचा आवाज यायचा. "जेवण लागलेले आहे. प्रवाशांनी ताटावर बसून घ्यावे." मग एकाच ताटाचा आवाज. मगर मी सोडली होती ती त्यानंतर. त्या आधीची आणि नंतरची बरीच जनावरंसुद्धा.

पण बाटल्या पाहिल्यापासून मला नवं जनावर सोडायचा धीर नव्हता. दहीभात खाताना म्हटलं, "मामा, आता असले खोटे मेसेज पाठोनं बंदच कराले पाह्यजे. ज्यानं त्यानं."

मामांनी बोटं चाटली, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले.

"औषधाचे नको पाठू," ते म्हणाले. "मगरीचे पाठोत राह्य. मले दुपारून काई काम नसते."