दांडगेकाकांच्या बिया

दांडगेकाकांच्या फ्रीजमध्ये खायची वस्तू नसायची. असायच्या त्या ओल्या वाळूत पुरलेल्या बियांच्या डब्या. मुकुंदवाडीत आमची त्यांची भिंतीला भिंत. आडनाव दांडगे, पण इतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. पंखा जरा मंदावला की ते आमच्या दारात. "तुमच्याकडं लाइट हाय ना?"

मूळचे सोयगावचे. नोकरी मात्र सगळी हिमालयात, सरकारी रोपवाटिकेत. बिया ओकच्या होत्या. तिकडं त्या झाडाला बांज म्हणतात. जुने सहकारी हिवाळ्यात निरनिराळ्या रानांतून बिया पोस्ट ऑफिसच्या पत्त्यावर धाडत, सोबत एकेक डहाळी. काका भिंग लावून पानं बघत बसायचे. "बांज आन् रियांज, ह्या दोन ओकांच्यात सोयरिकी लई. पान ह्याचं, बी त्याची. नाव लावावं कोणाचं?" ज्या झाडाखालच्या बिया, त्या झाडाचा नंबर डबीवर असे. त्याला ते 'आईचा नंबर' म्हणत. एकदा दोन आयांच्या बिया मिसळल्या, तर दिवसभर जेवले नाहीत.

एका मे महिन्यात गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दोन दिवस लागतील, असं वायरमन सांगून गेला. मी गेलो तेव्हा काका फ्रीजचं दार दोन्ही हातांनी दाबून उभे होते. तोंड पांढरंफटक.

"उकाड्यानं मरत्यात ह्या. वाळल्या तरी मरत्यात."

चिकलठाण्यात बर्फाचा कारखाना होता. मी स्कूटर काढली. जालना रोडवर झळा उठत होत्या. काका मागं डब्यांची पेटी छातीशी धरून बसले होते.

कारखानेवाल्यानं विचारलं, "चाचा, खाने का है?"

"नाय. पेरायचं हाय. बर्फाला चिकटवू नका, गोठून मरतील."

त्यानं भुशाच्या पोत्यांआड जागा दिली. काका तिथून हलेनात. बाकावर बसून राहिले. मग आपण होऊन बोलायला लागले.

"तिकडं डोंगरात एक गाव व्हतं. झऱ्यावरचं बांजाचं रान वणव्यात गेलं. ते परत लावायचं काम माझ्याकडं. मी सगळ्या बिया एकाच झाडाखालून गोळा केल्या. सोपं पडलं. रोपं बी झकास आली. मंग एक रोग आला. सगळी एका आईची. एकाला जे झालं तेच सगळ्यांना. एक वाचलं नाय. पाणी धरायला रान नाय, झरा आटला. बाया दोन डोंगर उतरून पाणी आणायच्या. मला कोणी शिवी दिली नाय, बघा. मी दिसलो की नुसत्या बाजूला सरायच्या."

लाइट तिसऱ्या दिवशी आली. दोन डब्या सडल्या, बाकीच्या वाचल्या.

पाऊस लागायच्या आधी त्यांनी मला पार्सलवर पत्ता लिहायला बोलावलं. दरसाल त्याच गावच्या शाळेला ते बिया पाठवत, प्रत्येक आईच्या सारख्या मोजून, मग मिसळून. माझं अक्षर कशाला हवं, असं मी विचारलं.

"माझं वळखतील."

"पाठवणाऱ्याचं नाव?"

"नाय लिहीत कधी."

"रोपं लागली का, हे मग कळणार कसं तुम्हाला?"

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पाठवणाऱ्याच्या जागी आपलं नाव लिहिलं. नावाखाली लिहायला घराचा नंबर त्यांनी मलाच विचारला. त्या घराचा पत्ता त्यांना कधी कुणाला द्यावा लागलाच नव्हता.